नवा माऊस घेतलात? त्याचं सॉफ्टवेअर जरा थांबू द्या

नवा माऊस खोक्यातून काढला की सोबतच्या घडीच्या कागदावर पहिलीच सूचना असते: आमचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. ती सूचना आठवडाभर बाजूला ठेवा. माऊस जोडा, कामाला लागा. तो चालेल.

चालतो, कारण माऊस आणि कीबोर्डसाठी एचआयडी, म्हणजे 'ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस' नावाचं मानक ठरलेलं आहे आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि संगणक यांचं बोलणं जुळवणारा छोटा प्रोग्राम, विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींत आधीपासून असतो. बाण हलवणं, डावं-उजवं बटन, चाक, चाक दाबल्यावरचं मधलं बटन आणि (मॅक सोडला तर) अंगठ्यापाशी असलेली मागे-पुढे नेणारी दोन बटनं, एवढं सगळं कंपनीच्या एकाही फाइलशिवाय होतं. कंपनी जे उतरवायला सांगते ते या सगळ्याच्या वर बसणारं सेटिंग्जचं ॲप असतं. ते लागेल किंवा लागणारही नाही. लागेलच असं धरून पहिल्या दिवशी ते घरात घेऊ नका.

मी कोल्हापुरात पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची पानं लावते. दिवसभर उजवा हात माऊसवरच असतो. मनगट दुखायला लागलं तेव्हा हस्तांदोलनाला हात पुढे करतो तसा धरायचा उभा, वायरलेस माऊस घेतला. माऊस उत्तम निघाला, आजही तोच वापरते. त्याच्या सॉफ्टवेअरने मात्र छळलं: खातं उघडायला सांगायचं, संगणकाबरोबर स्वतःही सुरू व्हायचं, आणि अपडेट झाल्यावर बटनांना दिलेली कामं विसरायचं. कंपनीचं नाव लिहीत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे माऊस वापरणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून मी हीच तक्रार ऐकते, त्यामुळे एकीचं नाव घेण्यात अर्थ नाही. या सगळ्यातून मी जी पद्धत बसवली ती इथे लिहिते आहे.

पद्धतीचा गाभा असा. माऊसचं सेटिंग तीन जागी राहू शकतं: विंडोजमध्ये, माऊसच्या स्वतःच्या मेमरीत, किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये. पहिल्या दोन जागांत जेवढं मावेल तेवढं तिथेच ठेवायचं. तिसऱ्या जागेत फक्त तेवढंच, जे दुसरीकडे कुठेच मावत नाही. विंडोजमधलं सेटिंग टिकतं, माऊसच्या मेमरीतलं माऊसबरोबर दुसऱ्या संगणकावरही जातं, आणि सॉफ्टवेअरमधलं सेटिंग ते सॉफ्टवेअर चालू असेल तेवढाच वेळ जिवंत असतं.

पहिला आठवडा: फक्त विंडोज

विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, मग 'ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस', मग 'माऊस' इथे जा. वेगाची पट्टी 1 ते 20 अशी असते, ती 10 वर ठेवा. 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाचा पर्याय दिसेल, तो बंद करा. नावावरून तो अचूकपणा वाढवणारा वाटतो, पण करतो ते असं की हात जितका झटकन हलवाल तितका बाण त्याच अंतरात जास्त दूर फेकतो. पत्रं टाइप करणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. मजकुराची चौकट केसभर डावीकडे सरकवायची असते तेव्हा मात्र हाताला अंतराची सवय लागावी लागते, आणि बाण दर वेळी वेगळ्या प्रमाणात पळत असेल तर ती सवय कधीच लागत नाही. पट्टी 10 वर आणि हा पर्याय बंद, या जोडीत माऊसने पाठवलेलं एक पाऊल म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका असा सरळ हिशेब होतो.

मग वेग कमी-जास्त कुठून करायचा? डीपीआयमधून. माऊस एक इंच सरकला की तो किती पावलं मोजतो, तो आकडा म्हणजे डीपीआय. 1920 ठिपके रुंदीच्या पडद्यावर 800 डीपीआय असेल तर या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला हात 2.4 इंच सरकवावा लागतो, 1600 असेल तर 1.2 इंच. 3840 ठिपक्यांच्या फोर-के पडद्यावर 1600 ठेवलं की परत तेच 2.4 इंच. मनगट दुखरं असेल तर 1200 ते 1600 च्या दरम्यान सुरुवात करा. खोक्यावर 26,000 डीपीआय वगैरे छापलेलं असतं, पानं लावणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. बऱ्याच माऊसवर चाकामागे डीपीआय बदलायचं छोटं बटन असतं आणि ते सॉफ्टवेअरशिवायही ठरावीक टप्प्यांत वेग बदलतं. आधी तेच दाबून पाहा.

त्याच पानावर 'स्क्रोल इनॲक्टिव्ह विंडोज' असा पर्याय आहे. तो चालू असल्याची खात्री करा. मुद्रितशोधन करणाऱ्यांसाठी माझ्या मते हे विंडोजमधलं सगळ्यात उपयोगी माऊस-सेटिंग आहे. डावीकडे लेखकाची मूळ फाइल, उजवीकडे लावलेलं पान. क्लिक न करता बाण नुसता खिडकीवर नेला की चाक ती खिडकी सरकवतं. कर्सर जिथे दुरुस्ती करायची तिथेच राहतो. चाकाच्या एका खटक्याला तीन ओळी सरकतात, ते मूळचं ठरलेलं आहे. लांब मजकूर वाचताना मी पाच करते.

जुन्या कंट्रोल पॅनलमधली माऊसची खिडकी अजून शिल्लक आहे आणि काही गोष्टी तिथेच सापडतात. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, आलेल्या चौकटीत इंग्रजी छोट्या अक्षरांत एम, ए, आय, एन, टिंब, सी, पी, एल लिहा आणि एंटर दाबा. डबल-क्लिकचा वेग तिथे आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना डबल-क्लिक जमत नसेल तर माऊस बदलण्याआधी ही पट्टी डावीकडे ओढा. माझ्या आईचा प्रश्न तेवढ्यानेच सुटला.

आठवडाभर असं काम करताना शेजारी एक कागद ठेवा. जेव्हा जेव्हा 'हे बटनाने झालं असतं तर बरं' असं वाटेल, तेव्हा ती गोष्ट लिहा. माझ्या कागदावर शेवटी तीनच गोष्टी उरल्या: मराठी-इंग्रजी कीबोर्ड बदलणं, पान मोठं-लहान करून बघणं, आणि ब्राउझरमध्ये अंगठ्याचं मागे जायचं बटन बंद करणं. यातली दुसरी तर इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट दाबून चाक फिरवलं की होते, तिला बटन लागतच नाही. तिसरीचं कारण असं की पुस्तकाच्या आयएसबीएनसाठी लांबलचक ऑनलाइन अर्ज भरताना उभ्या माऊसवर अंगठा चुकून त्या बटनावर पडतो आणि भरलेला अर्ज मागे जातो. जीएसटीचं विवरण भरणाऱ्यांनाही हे चटकन कळेल.

बटनांना कामं लावायची, पण कुणाकडून?

विंडोजला माऊसची पाच बटनं कळतात: डावं, उजवं, मधलं आणि बाजूची दोन. या पाचांना वेगळी कामं लावायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्स-माऊस बटन कंट्रोल नावाचं फुकट मिळणारं छोटं साधन आहे, ते खातं मागत नाही आणि कुठल्याही कंपनीच्या माऊसला चालतं. त्याची खरी खुबी म्हणजे प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळी व्यवस्था करता येते. ब्राउझरमध्ये मागे जायचं बटन बंद, इनडिझाइनमध्ये तेच बटन 'अनडू', बाकी सगळीकडे मूळचं काम.

मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला माझा आग्रह आहे की बाजूचं एक बटन भाषा बदलायला द्या. विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की कीबोर्ड मराठीतून इंग्रजीत जातो. या साधनात 'सिम्युलेटेड कीज' हा पर्याय निवडून तीच जोडी बटनावर बसवता येते. कळा कशा लिहायच्या याची यादी त्याच खिडकीत दिलेली असते. ज्या मजकुरात दर दोन ओळींनी इंग्रजी शब्द, वर्षं, संदर्भ येतात तिथे डावा हात कीबोर्डवरून न उचलता अंगठ्याने भाषा बदलता येणं म्हणजे मोठं सुख आहे. इतकी वर्षं हे का केलं जात नव्हतं असं वाटेल.

पाचांपलीकडची बटनं, म्हणजे डीपीआयचं, चाकाशेजारचं, अंगठ्याखालच्या पट्टीवरचं, विंडोजला दिसतच नाहीत. ती वापरायची असतील तर कंपनीकडे जावंच लागतं. पण तिथेही आधी एक प्रश्न विचारा: माऊसला स्वतःची मेमरी आहे का? गेमिंगसाठी बनवलेल्या माऊसमध्ये ती बहुतेक असते, खोक्यावर किंवा वेबसाइटवर 'ऑनबोर्ड मेमरी' असं लिहिलेलं असतं. ऑफिससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या माऊसमध्येही ती बऱ्याचदा नसते. म्हणून नवा माऊस घ्यायच्या आधीच हे बघा. माझ्या लेखी ही गोष्ट रंग, आकडे, दिवे या सगळ्याच्या आधी येते. मेमरी असेल तर काम सोपं आहे. सॉफ्टवेअर टाका, बटनं आणि डीपीआय ठरवा, ते माऊसमध्ये साठवा, माऊस दुसऱ्या संगणकाला लावून सगळं तसंच चालतंय का बघा, आणि सॉफ्टवेअर काढून टाका.

काही कंपन्यांनी तर संगणकावर काही टाकायची गरजच ठेवलेली नाही. 2021 मध्ये क्रोममध्ये वेबएचआयडी नावाची सोय आली, तेव्हापासून वेबपानावरूनच माऊसची सेटिंग्ज बदलता येतात. पान उघडा, परवानगी द्या, बदल साठवा, पान बंद करा. क्रोम आणि एज या ब्राउझरांत हे चालतं, फायरफॉक्स आणि सफारीवर विसंबू नका. लॉजिटेकच्या काही गेमिंग माऊससाठी 'ऑनबोर्ड मेमरी मॅनेजर' नावाचं इन्स्टॉल न करता चालणारं छोटं साधन त्याच कंपनीने दिलेलं आहे. असं काही तुमच्या माऊससाठी आहे का, ते मोठं सॉफ्टवेअर उतरवण्याआधी शोधा.

सॉफ्टवेअर टाकायचंच झालं तर

आधी विंडोजचा रिस्टोर पॉइंट तयार करा, म्हणजे काही बिघडलं तर संगणक आधीच्या स्थितीत परत नेता येतो. शोधपट्टीत 'रिस्टोर पॉइंट' असं इंग्रजीत लिहिलं की खिडकी येते. सी ड्राइव्हसमोर 'ऑन' दिसलं पाहिजे, बऱ्याच लॅपटॉपवर ते बंद असतं.

उतरवायचं ते कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून, पूर्ण मॉडेल नंबर बघून. नंबर माऊसच्या पोटावर असतो. गुगलवर 'अमुक माऊस ड्रायव्हर' असं शोधलं की वरती ज्या 'ड्रायव्हर अपडेटर' वाल्या साइट येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. माऊससाठी असल्या अपडेटरची गरज कधीच नसते.

माऊस जोडल्या जोडल्या विंडोज स्वतःहून कंपनीचं ॲप आणत असेल तर ते थांबवता येतं. शोधपट्टीत इंग्रजीत 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' लिहा आणि निर्मात्यांची ॲप आपोआप उतरवायची का या प्रश्नाला 'नो' म्हणा. ही नुसती सोयीची गोष्ट नाही. ऑगस्ट 2021 मध्ये एका सुरक्षा-संशोधकाने दाखवून दिलं होतं की रेझर कंपनीचा माऊस जोडला की विंडोज त्याचा इन्स्टॉलर सर्वोच्च अधिकाराने चालवतं, आणि त्या इन्स्टॉलरच्या फोल्डर निवडायच्या खिडकीतून साधा वापरकर्ताही संगणकाचा पूर्ण ताबा मिळवू शकतो. कंपनीने ती फट बुजवायचं काम हाती घेतलं. पण ज्या संगणकावर दुसऱ्यांची पुस्तकं, हिशेब, पासवर्ड असतात, तिथे बाहेरून काय आपोआप येतं यावर आपलं लक्ष हवं.

इन्स्टॉल करताना येणारी प्रत्येक खिडकी वाचा. खातं: 'स्किप' किंवा 'गेस्ट' असा पर्याय बारीक अक्षरांत कुठेतरी असतो. वापराची माहिती पाठवणं: नको. सूचना, सवलती, नव्या सोयी: नको. आपोआप अपडेट: बंद. एआयची बटनं आणि मदतनीस आता माऊसच्या ॲपमध्येही यायला लागले आहेत, ते वेगळं काढता येत असेल तर काढा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'स्टार्टअप ॲप्स' मध्ये बघा की या सॉफ्टवेअरने कायकाय आपलं नाव घुसवलंय. मेमरीवाला माऊस असेल तर ते सगळं बंद करा. मेमरी नसेल तर मुख्य एक चालू ठेवावं लागेल, अपडेटर मात्र बंद करता येतो.

एका संगणकावर दोन बटन-बदलणारी सॉफ्टवेअरं एका वेळी नकोत. कंपनीचं ॲप आणि एक्स-माऊस दोन्ही चालू असतील तर एकाने बदललेलं बटन दुसरं पुन्हा बदलतं आणि दाबलं एक, झालं भलतंच असं होतं.

मॅक्रोबद्दल, म्हणजे एका बटनावर साठवलेल्या कळांच्या मालिकेबद्दल, थोडं सविस्तर लिहिते, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शनात हे सहसा सापडत नाही. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये बटनावर एखादा ठरीव मजकूर रेकॉर्ड करता येतो. पण रेकॉर्ड होतात त्या कळा, अक्षरं नव्हे. इंग्रजी कीबोर्ड असताना एस, आय, आर या कळा रेकॉर्ड केल्या आणि नंतर मराठी इनस्क्रिप्ट (मराठी कळांची प्रमाण मांडणी) चालू असताना ते बटन दाबलं, तर पडद्यावर एकाराची मात्रा, ग आणि दीर्घ वेलांटी उमटतात. सॉफ्टवेअर बिघडलं असं वाटतं. ते बिचारं कळाच दाबत असतं, अर्थ लावतो तो कीबोर्ड. म्हणून मॅक्रोत मजकूर ठेवायचा असेल तर 'टेक्स्ट' किंवा 'पेस्ट' असा वेगळा प्रकार आहे का बघा. नसेल तर मजकूर ठेवूच नका. कंट्रोल-सी, कंट्रोल-झेड असल्या आज्ञाच ठेवा, त्या इनस्क्रिप्टमध्येही तशाच चालतात. युनिकोड ही अक्षरांची प्रमाण पद्धत येण्याआधीच्या फॉन्टवर अजून काम करणाऱ्या छापखान्यांत आणखी जपावं लागतं. तिथली टायपिंगची सॉफ्टवेअरं कळ मध्येच पकडून तिचं अक्षर बदलतात, त्यामुळे मॅक्रोने पाठवलेली कळही त्यांच्या तावडीत सापडू शकते. तिथे बटनावर काही लावलंत तर आधी कोऱ्या पानावर करून बघा.

अपडेटचा माझा नियम: आषाढ संपला की दिवाळी अंक छापखान्यात जाईपर्यंत माऊसच्या सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही. अंकाची पानं लागत असताना बटनं हरवलेली परवडत नाहीत. अंक गेले की मग एखाद्या निवांत दुपारी. आणि अपडेटच्या आधी बटनांच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, म्हणजे गेलं तर परत लावायला पाच मिनिटं पुरतात.

याला एक अपवाद आहे आणि तो मी पाळते: सुरक्षेसाठी आलेलं फर्मवेअर, म्हणजे माऊसच्या आणि त्याच्या रिसीव्हरच्या आतच चालणारं सॉफ्टवेअर. फेब्रुवारी 2016 मध्ये बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी 'माऊसजॅक' नावाने जाहीर केलं की अनेक कंपन्यांच्या वायरलेस माऊसचे यूएसबी रिसीव्हर, म्हणजे संगणकात खोचायचे छोटे तुकडे, दुरून फसवता येतात. सुमारे 100 मीटरवरून कुणीतरी तुमच्या संगणकावर कळा दाबू शकतो. त्यावर उपाय फर्मवेअरचाच होता. जुन्या बाजारातून किंवा ओळखीतून वायरलेस माऊस घेतला असेल तर एकदा सॉफ्टवेअर टाकून फर्मवेअर अद्ययावत करा, मग सॉफ्टवेअर काढा. फर्मवेअर चढत असताना लाइट जाणार नाही अशी वेळ निवडा, लॅपटॉप असेल तर पुरेसा चार्ज करून घ्या.

ड्रायव्हरवर आळ येतो, पण दोष दुसऱ्याचाच

माऊस अडखळला की आपण सॉफ्टवेअर काढतो, पुन्हा टाकतो, पुन्हा काढतो. त्याआधी पुढच्या गोष्टी बघा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त त्रास इथेच मिटतो.

बाण थांबत थांबत, उड्या मारत चालतो आणि बाहेरची हार्ड डिस्क जोडली की जास्तच होतं? रिसीव्हर यूएसबी 3 च्या खोबणीत किंवा तिच्या शेजारी आहे. इंटेलने 2012 मध्येच एका लेखात मोजून दाखवलं होतं की यूएसबी 3 च्या तारा आणि खोबण्यांतून निघणारा रेडिओ गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि वायरलेस माऊस त्याच पट्ट्यात बोलतो. दुकानात वीतभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन वायर मिळते, तिने रिसीव्हर माऊसजवळ टेबलावर आणा. किंवा रिसीव्हर काळ्या रंगाच्या यूएसबी 2 खोबणीत लावा आणि हार्ड डिस्क लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला. काम संपताना बॅकअप घ्यायची सवय असलेल्यांना हा त्रास नेमका त्याच वेळी होतो, पण आळ सॉफ्टवेअरवर जातो, हार्ड डिस्कवर नाही.

थोडा वेळ हात लावला नाही की पहिले काही क्षण माऊस जागाच होत नाही? ती वीज वाचवण्याची सोय आहे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे उपकरणांच्या यादीत, यूएसबी रूट हबच्या किंवा ब्लूटूथ अडॅप्टरच्या गुणधर्मांत 'पॉवर मॅनेजमेंट' हे पान असतं. वीज वाचवायला हे उपकरण बंद करायला परवानगी आहे, अशी खूण तिथे असेल ती काढा. बॅटरी थोडी जास्त जाईल.

सॉफ्टवेअर नव्या सेलची बॅटरीही कमी दाखवतं? चार्ज होणारे सेल टाकले असतील. साध्या अल्कलाइन सेलचा दाब 1.5 व्होल्ट, चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइडचा 1.2. सॉफ्टवेअर व्होल्ट बघून अंदाज करतं, म्हणून भरलेला सेलही त्याला अर्धा वाटतो. आकड्याकडे दुर्लक्ष करा, सेल चांगलाच आहे.

टेबलावर काच, काचेखाली फोन नंबरांचे कागद, अशी आपल्याकडची जुनी रीत अजून कित्येक ऑफिसांत आहे. माऊसच्या पोटातला सेन्सर खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढून हालचाल ओळखतो. नितळ काचेत त्याला ओळखायला खुणाच मिळत नाहीत. चकचकीत सनमायकावरही अधूनमधून असं होतं. एक साधं कापडी पॅड टाका.

आणि एकदा दाबलं तरी दोनदा दाबल्यासारखं होतं, ओढत नेलेली वस्तू मध्येच सुटते, असं असेल तर बटनाखालचा स्विच झिजलाय. माऊस दुसऱ्या संगणकाला लावून बघा. तिथेही तसंच झालं तर कुठलंही सॉफ्टवेअर हे बरं करणार नाही. वॉरंटी असेल तर बिल शोधा, आणि दुकानदाराला दाखवायला मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा.

मॅक आणि लिनक्स, थोडक्यात

मॅकवर चाकाची दिशा ट्रॅकपॅड आणि माऊस दोघांसाठी एकच असते, त्यासाठीच पुष्कळ लोक कंपनीचं सॉफ्टवेअर टाकतात. लिनिअरमाऊस किंवा मॅक माऊस फिक्स यांतलं एखादं छोटं साधन ते काम करतं. कुठलंही टाकलं तरी 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' मध्ये 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी द्यावी लागते. अपडेटनंतर बटनं चालेनाशी झाली तर आधी ती परवानगी काढून पुन्हा देऊन बघा. सॉफ्टवेअरवर किती विसंबावं याचं उदाहरण मॅकवरच घडलं. जानेवारी 2026 मध्ये लॉजिटेकच्या मॅकवरच्या सॉफ्टवेअरच्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ते उघडेचना. माऊस चालत होते, पण लोकांनी लावलेली बटनं आणि चाकाच्या दिशा गेल्या. कंपनीने दुरुस्ती दिली, ती हाताने उतरवून घ्यावी लागली.

लिनक्सवर पायपर हे साधन अनेक गेमिंग माऊसची मेमरी बदलतं, लॉजिटेकच्या रिसीव्हरसाठी सोलार आहे. दोन्ही मोफत.

काढून टाकताना

सेटिंग्जमधल्या 'इन्स्टॉल्ड ॲप्स' मधून सॉफ्टवेअर काढा आणि संगणक पुन्हा सुरू करा. मग स्टार्टअपची यादी परत बघा, अपडेटर वेगळा राहिलेला असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू' खाली 'शो हिडन डिव्हाइसेस' निवडलं की आता जोडलेल्या नसलेल्या जुन्या माऊसच्या फिकट नोंदी दिसतात, त्यांवर उजवं क्लिक करून काढता येतात. त्या राहिल्या तरी सहसा बिघडत नाही. नीट दिसत असलेल्या, चालू असलेल्या नोंदींना मात्र हात लावू नका.

हे सगळं करताना मध्येच बाण गोठला तर घाबरू नका. खणात दोन-तीनशे रुपयांचा तारेचा साधा माऊस ठेवा, तो कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय लगेच चालतो. तोही हाताशी नसेल तर डावीकडची ऑल्ट, डावीकडची शिफ्ट आणि नम लॉक या तीन कळा एकत्र दाबा आणि आलेल्या प्रश्नाला एंटरने होकार द्या. उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनी बाण हलायला लागेल, 5 दाबलं की क्लिक होईल. आकड्यांच्या वेगळ्या कळा नसलेल्या लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि एक्स दाबून येणाऱ्या यादीतून बाणांच्या कळांनी, टॅब आणि एंटरने 'इन्स्टॉल्ड ॲप्स' पर्यंत जाता येतं. सॉफ्टवेअर काढून संगणक पुन्हा सुरू केलात की माऊस विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर परत येईल.